एकाच चिंधीची दोन कामं

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि दुपारच्या दोन-तीन तासांत मुरूड-श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत आगरंच्या आगरं आडवी झाली. आमच्या वाडीत पुढे महिनाभर वीज नव्हती. त्याच महिन्यात, १९ जूनला, ‘द लास्ट ऑफ अस’ या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग जगभर विक्रीला आला. तेव्हा मला त्याचं नावही माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी गणपतीला भाचा मुंबईहून आला तो प्लेस्टेशन घेऊनच. विसर्जन झालं, पाहुणे पांगले, पाऊस लागूनच राहिला होता. माजघरातल्या टीव्हीवर त्याने पहिला भाग लावला. आधी मी नुसती शेजारी बसले, मग कंट्रोलर हातात घेतला. तो भाग मी आजवर दोनदा पुरा केला आहे आणि दुसरा एकदा.

आपल्याकडे गेम या विषयावरचं बोलणं दोन वाक्यांत संपतं. पोरं बिघडतात, हे एक. असू दे, टाइमपास आहे, हे दुसरं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदा केला, तेव्हा आमच्या एसटी स्टँडवर लोक एकमेकांना ‘गेम बंद झाले’ असं सांगत होते. कायद्याने पैशाचे खेळ, ई-स्पोर्ट्स म्हणजे गेमच्या स्पर्धा, आणि करमणुकीचे खेळ असा फरक केला आहे. आपल्या बोलण्यात मात्र रमी, पब्जी आणि पंधरा तास चालणारी एखादी कथा, सगळं एकाच टोपलीत. एखादं नाटक पडलं तर आपण त्या नाटकाला नावं ठेवतो, नाटक या प्रकाराला नाही. गेमला तेवढाही मान आपण देत नाही, आणि त्यामुळे चांगला गेम कुठे चांगला आहे आणि कुठे कमी पडतो हे घरात कुणी बोलतच नाही. मुलं बारा-तेराव्या वर्षी एकटी खेळतात आणि जे समजायचं ते एकटीच समजून घेतात. ‘द लास्ट ऑफ अस’ युरोपात १८ आणि अमेरिकेत १७ वर्षांवरच्यांसाठी म्हणून विकला जातो, हे किती पालकांनी डबीवर वाचलं असेल?

माझं म्हणणं असं आहे की कथेच्या गेमची पारख एका प्रश्नाने करावी. हा खेळ माझ्या हातांना काय करायला लावतो? कथा ऐकताना कान कामाला असतात, नाटकात डोळे. गेममध्ये हात असतात. कथा तोंडाने काय सांगते आणि हातांना कोणतं काम देते, यांचा मेळ बसला तर तो गेम मोठा. या कसोटीवर ‘द लास्ट ऑफ अस’ अर्धा फार मोठा आहे आणि अर्धा मला पटत नाही.

ज्यांनी तो खेळला नाही त्यांच्यासाठी थोडं. नॉटी डॉग या अमेरिकी स्टुडिओने २०१३ मध्ये तो प्लेस्टेशन ३ वर आणला. २०२२ मध्ये तो नव्याने घडवला गेला आणि २०२३ मध्ये पीसीवरही आला. त्याच वर्षी त्यावर टीव्ही मालिका निघाली, त्यामुळे बऱ्याच जणांना गोष्ट आता मालिकेतून ठाऊक आहे. कॉर्डिसेप्स नावाची बुरशी माणसांच्या मेंदूत शिरते आणि माणूस माणसावर धावून जायला लागतो. ही बुरशी मनाने रचलेली नाही. तिच्या कुळातली एक जात मुंग्यांना खरोखर लागते. मुंगी झाडावर चढते, पानाची शीर दातांत धरते, तिथेच मरते आणि तिच्या डोक्यातून बुरशीचा दांडा बाहेर येतो. आम्हा आगरवाल्यांना हे ऐकून नवल वाटत नाही. बुरशीसारख्याच कोळेरोगाने कोवळ्या सुपाऱ्या गळायला लागल्या, की पावसाआधी बोर्डो मिश्रणाची फवारणी राहून गेल्याचा पश्चात्ताप काय असतो ते आम्हाला ठाऊक आहे. साथीच्या पहिल्या रात्री जोएल नावाच्या माणसाची मुलगी जाते. वीस वर्षांनी, सगळा मुलूख उद्ध्वस्त झाल्यावर, चौदा वर्षांच्या एलीला देशाच्या दुसऱ्या टोकाला पोचवायचं काम त्याच्यावर येतं. एलीला बुरशी बाधत नाही. तिच्यापासून लस होईल अशी आशा आहे.

आता हातांकडे येते. या खेळात चिंधी आणि स्पिरिट मिळून जखमेवरची पट्टी होते. त्याच चिंधीचा आणि त्याच स्पिरिटचा पेटता बाँबही होतो. दोन्ही करायला पुरेल एवढा माल सहसा नसतो. कातरीच्या तुटक्या पात्याला चिकटपट्टी गुंडाळली की सुरी होते. ती कुलूपबंद खोली उघडायला वापरली तर मोडते, आणि पुढच्या वळणावर आंधळा रोगी गळ्याशी आला तर हातात काही उरत नाही. हे रोगी आवाजावर चालतात, वटवाघळासारखे टकटक करत वाट काढतात, म्हणून एका पडक्या दुकानात मी गुडघ्यावर बसून श्वास धरल्यासारखी पुढे सरकत होते. पिशवी उघडून पट्टी बांधताना खेळ थांबत नाही. मागे कुणी येतंय का हे बघत, बोटं चालवत, ते काम उरकावं लागतं. टंचाई म्हणजे काय, हे इथे कुणी सांगत बसत नाही. हातांना कळतं. महिनाभर वीज नसलेल्या घरात एक बादली पाणी आधी कशाला वापरायचं याचा रोज हिशोब केलेल्या बाईला ते फार नेमकं वाटलं.

दुसरं उदाहरण मला याहून मोलाचं वाटतं. पूर्ण प्रवासभर उंच भिंत आली की जोएल भिंतीला पाठ लावतो, हातांची पायरी करतो, एली त्यावर पाय देऊन वर चढते आणि शिडी खाली सोडते. हे इतक्या वेळा येतं की कंटाळा येतो. एलीला पोहता येत नाही म्हणून लाकडी तराफा शोधून तिला पाण्यातून ओढत न्यायचं कामही असंच पुन्हा पुन्हा येतं, आणि ते मात्र नुसतंच वेळखाऊ आहे. पण शिडीचं तसं नाही. हिवाळ्यात एलीवर एक भयंकर प्रसंग ओढवतो. त्यानंतर वसंतात जोएल नेहमीप्रमाणे भिंतीला पाठ लावून उभा राहतो, आपण बटण दाबतो, आणि एली येत नाही. ती मागे बाकावर बसून शून्यात बघते आहे. दहा-बारा तास जी गोष्ट हाताच्या सवयीची झाली होती ती एकदाच घडत नाही, आणि मुलीच्या मनात काय मोडलंय ते कळतं. मग हाक मारल्यावर ती येते, वर चढते, आणि शिडी देता देता काहीतरी बघून ती टाकून पळत सुटते. मोडक्या शहरात जिराफ आलेले आहेत. एका जिराफाच्या मानेवरून हात फिरवता येतो. नंतर गच्चीच्या कठड्याशी दोघं उभी राहून कळप बघतात आणि तिथून कधी निघायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं असतं. भाचा बराच वेळ बटणाला हात लावत नव्हता. बाहेर पन्हळीतून पाणी पडत होतं, टीव्हीतून गुस्ताव्हो सांताओलायाची गिटार वाजत होती. हे काम पुस्तकाला किंवा नाटकाला जमणार नाही, कारण त्यात दहा तासांची हातांची सवय लागते.

मग अर्धा पटत नाही तो कुठला?

आपल्याकडच्या भुतांना नाव असतं, पत्ता असतो आणि गाऱ्हाणं असतं. मुंजा पिंपळावर राहतो, त्याची मुंज होऊन सोडमुंज राहिलेली असते. राखणदाराला वर्षाचं राखण द्यावं लागतं, तो त्याबदल्यात शीव सांभाळतो. त्यांच्याशी बोलता येतं, नारळ ठेवून समजूत घालता येते. झोंबीला, म्हणजे अशा भान हरपून धावून येणाऱ्या रोग्याला, गाऱ्हाणं नसतं, म्हणून त्याला मारताना हात अडखळत नाही. एवढ्यावर मी कुरकुरणार नाही, तो त्या प्रकाराचा धर्म आहे. तक्रार आहे ती माणसांबद्दल. या खेळात रोग्यांइतकीच, कधी जास्तच, जिवंत माणसं मारावी लागतात. कमरेएवढ्या उंचीची कपाटं आणि टेबलं मांडलेली मोठी खोली दिसली की आता इथे दहा-बारा माणसं येणार हे लगेच कळतं. पिट्सबर्ग शहरात तर लाटांमागून लाटा येतात. त्यांच्यापुढून एली पळत गेली तरी त्यांना ती दिसत नाही, कारण खेळाला तिची अडचण नको आहे. एका मुलीच्या मरणावर उभी असलेली कथा शेकडो मरणं पायाखाली तुडवत पुढे जाते आणि मग शेवटी एका डॉक्टरच्या मरणाने आपल्याला हलवू बघते. मला शेवटच्या खोलीत धक्का बसला. पण त्याआधीच्या तासांत माझे हात निबर झाले होते, हेही तितकंच खरं.

दुसऱ्या भागात याची जाणीव बनवणाऱ्यांना झालेली दिसते. तिथे शत्रू एकमेकांना नावाने हाका मारतात, एक पडला की दुसरा त्याचं नाव घेऊन ओरडतो. खेळाच्या अर्ध्यावर आपल्याला जिचा सूड घ्यायचा होता तिच्याच अंगात शिरून खेळावं लागतं. ही फार धाडसाची रचना आहे. दिसण्याची, ऐकण्याची किंवा हात चालवण्याची अडचण असलेल्यांनाही खेळता यावं म्हणून त्यात साठाहून जास्त सोयी दिल्या आहेत, त्याचं कौतुक व्हायलाच हवं. तरी मारणं कमी झालेलं नाही. मारताना वाईट वाटावं अशी सोय केली आहे, हाताला दुसरं काम दिलेलं नाही.

आणि इथे माझा कोकणातला अनुभव आड येतो. पिट्सबर्गच्या वेशीवर एक जखमी माणूस रस्त्यात येऊन हात करतो. जोएल गाडी थांबवत नाही. हा सोंग करतोय, असं तो म्हणतो, आणि तो खरोखर सोंगच करत असतो. तुला कसं कळलं, असं एली विचारते, तेव्हा जोएल सांगतो की मी दोन्ही बाजूंना होतो. संवाद उत्तम आहे. पण खेळ जोएलला जवळजवळ प्रत्येक वेळी खरं ठरवतो. सरकार गेलं, दिवे गेले की माणूस माणसाला लुटायला टपतो, असा त्याचा सिद्धांत आहे, आणि तो सिद्ध व्हावा म्हणून प्रत्येक वळणावर बंदूकवाला उभा केला आहे.

तो माणूस हात करत असताना भाचा म्हणाला, “मावशी, मी पण असाच हात केला होता.”

मे २०२० मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, तो मुंबईहून काही ट्रकने, काही कशेडी घाटातून चालत आला होता. गावाच्या वेशीवर बांबू आडवे बांधलेले होते. त्यामागे आमचीच माणसं उभी होती, माझे दीर त्यांत होते. त्याला घरी येऊ दिलं नाही, चौदा दिवस शाळेत ठेवलं. ताट दारापासून दहा पावलांवर ठेवून मी मागे व्हायचे. मी बांबूजवळ जाऊन एक शब्द बोलले नाही, हे मला आजही टोचतं. भीती माणसाला काय करते ते या खेळाने बरोबर ओळखलं आहे, यात मला शंका नाही.

पण तिथून महिन्याभरातच वादळ आलं. ४ जूनच्या सकाळी पाखाडीवर माड पडलेले, कौलं फुटलेली, मोबाइलचा टॉवर बंद, तालुक्याचा रस्ता बंद. म्हणजे दिवे गेलेले, सरकार पोचलेलं नाही, साथ चालू आहे, खेळाला लागते ती सगळी मांडणी. तर वरच्या वाडीतली माणसं कोयत्या, कुऱ्हाडी आणि एक पेट्रोलवर चालणारा कटर घेऊन रस्ता मोकळा करत खाली येत होती आणि खालची वर जात होती. गडग्याच्या, म्हणजे हद्दीवरच्या दगडी बांधाच्या, वादावरून आमच्याशी अकरा वर्षं न बोललेले शेजारी दोर घेऊन आले आणि आमच्या पडवीवर कललेला माड त्यांनी बांधून धरला. बोलणं झालं ते एवढंच, “जरा मागं व्हा.” पंप बंद म्हणून ज्यांच्या विहिरीवर जुना रहाट शिल्लक होता त्यांच्याकडे सगळी वाडी पाण्याला जायची. बांबू कुणी काढले ते कुणालाच आठवत नाही. शाळेत ठेवलेली पोरंही तोंडाला रुमाल बांधून फांद्या ओढत होती. भाचा त्यांच्यात होता.

माणसं देव आहेत असं मला म्हणायचं नाही. तीच माणसं महिन्यापूर्वी बांबूमागे उभी होती. नुकसानीचे पंचनामे सुरू झाल्यावर त्यांच्यातच भांडणंही झाली. मला एवढंच म्हणायचं आहे की त्याच चिंधीची पट्टीही होते आणि आगही, हे ज्या खेळाने माझ्या हातांना शिकवलं, त्यानेच माणसांच्या बाबतीत बहुतेक वेळा फक्त आग निवडली.

बहुतेक वेळा म्हणते, कारण खेळ बनवणाऱ्यांना वाडी ठाऊक आहे. तिचा पुरावा खेळातच आहे. पिट्सबर्गहून निसटल्यावर किनाऱ्यावर एक बोट सापडते. इश नावाच्या माणसाची चिठ्ठी तिच्यात आहे. साथ आली तेव्हा तो बोटीवर राहून वाचला, मग एकटेपणाने जमिनीवर आला. पुढे गटाराच्या भुयारात त्याच्या आणखी चिठ्ठ्या मिळतात. त्याला लहान मुलं असलेली माणसं भेटतात, तो त्यांच्यावर विश्वास टाकतो, भुयारात वस्ती होते. पावसाचं पाणी धरायची सोय, भिंतीवर लिहिलेले नियम, मुलांची खोली, चित्रं, खेळणी. मग रोगी आत शिरले. एका खोलीत चादरीखाली लहान देह आहेत आणि जमिनीवर लिहिलंय की त्यांना त्रास झाला नाही. त्या खोलीपाशी मी कंट्रोलर खाली ठेवला होता. संपूर्ण खेळातली ही सगळ्यात श्रीमंत गोष्ट आहे असं माझं मत आहे. आणि ती कुठे ठेवली आहे? कागदावर. चिठ्ठी उचलली नाही तर कळणारही नाही. वस्ती उभी करणं, पाणी धरणं, अनोळखी माणसाला आत घ्यायचं की नाही हे ठरवणं, हे सगळं वाचायला दिलं आणि हातात बंदूक दिली. माझा आक्षेप आहे तो एवढाच, पण तो मुळावरचा आहे.

हे गेमला जमतच नाही, असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही. २०१२ मध्ये टेलटेल या स्टुडिओच्या ‘द वॉकिंग डेड’मध्ये एका सकाळी उपाशी टोळक्यात वाटायला अन्नाचे चारच तुकडे हातात दिले जातात. तोंडं त्याहून कितीतरी जास्त. कुणाला द्यायचं आणि कुणाच्या डोळ्यांत बघून नाही म्हणायचं, हे आपण करायचं. त्या गेमची चित्रं साधी, चालणं-धावणं अवघडलेलं, आणि आपण घेतलेले बरेचसे निर्णय पुढे एकाच वाटेला येऊन मिळतात, हा त्याचा मोठा दोष. तरी ते चार तुकडे मला कुठल्याही गोळीबारापेक्षा जास्त लक्षात राहिले. झोंबी नसलेला पण तगून राहण्याचाच ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा पोलंडमधला गेम, वेढ्यात सापडलेल्या साध्या नागरिकांचा. त्या देशाच्या सरकारने २०२० मध्ये तो शाळेच्या शिफारस केलेल्या वाचनयादीत घेतला, १८ वर्षांच्या वरच्या विद्यार्थ्यांसाठी. मुलांना तो खेळवून त्यावर वर्गात बोलायचं ठरवलं. आपल्याकडे असं काही सुचवलं तर लोक चमकतील, पण मला ते बंदीपेक्षा आणि दुर्लक्षापेक्षाही शहाणपणाचं वाटतं.

एक आक्षेप मात्र मी ‘द लास्ट ऑफ अस’वर घेणार नाही, जो बरेच जण घेतात. शेवटी निवड नाही, हा. एलीचा जीव घेतल्याशिवाय लस होणार नाही हे कळल्यावर जोएल हॉस्पिटलातल्या माणसांना मारून तिला उचलून नेतो, आणि तिला खोटं सांगतो. आपल्याला ते पटो न पटो, बटण आपणच दाबायचं. आमच्या रत्नागिरीच्या नमन या लोकनाट्यात वगाचा शेवट काय होणार ते प्रेक्षकाला ठाऊक असतं, तरी माणसं पहाटेपर्यंत जागची उठत नाहीत. शेवट बदलता येत नाही म्हणून कथा लहान होत नाही. नको असलेलं काम आपल्याच हाताने व्हावं आणि पुढे त्याचं ओझं राहावं, हा हातांचा फार प्रामाणिक उपयोग आहे. एली शेवटी फक्त ‘ठीक आहे’ म्हणते. तिला ते खरं वाटलं की नाही यावर भाचा आणि मी अजून भांडतो.

या खेळात मराठीचं एक अक्षर नाही आणि नव्या गेमला चार-पाच हजार रुपये मोजावे लागतात, तेव्हा आमच्या वाडीतल्या किती पोरांपर्यंत तो नीट पोचेल हा प्रश्न आहेच. भाचा आता पुण्यात गेमवर काम करतो आणि कोकणातली एखादी गोष्ट घेऊन काहीतरी करायचं त्याच्या डोक्यात आहे. त्याने मला विचारलं, तुला काय हवं? मी सांगितलं, भुतं घाल, साथ घाल, हवं तर झोंबीही घाल. पण पहिल्या भागात हातात कोयती दे आणि पाखाडीवर पडलेला माड दे, असा की एकट्याने हलणार नाही. मग गडग्यापलीकडच्या माणसाला हाक मारायचं बटण दे, ज्याच्याशी बोलणं नाही. दुसऱ्या भागात वेस दे. आधी बांबूच्या आतल्या बाजूला उभं कर, अंधार पडताना रस्त्यावरून कुणीतरी हात करत येताना दिसू दे, त्याचा चेहरा दिसणार नाही इतक्या लांब. नंतर तीच संध्याकाळ पुन्हा सुरू कर, घाटातून, पाठीवर बॅग आणि फुटलेल्या टाचा घेऊन, आणि लांबून बांबूमागचे आपलेच लोक दिसू देत.